बटाटा राहू द्या: जुन्या चित्रांविषयी वाचकांचे प्रश्न

संपादकांनी गेल्या अंकात ‘घरातली आणि संग्रहालयातली जुनी चित्रं’ या विषयावर प्रश्न मागवले आणि आलेला पत्रांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी मुंबईतल्या एका कलासंग्रहालयात चित्रसंवर्धक आहे. तैलचित्रं हे माझं मुख्य काम. कागदावरची कामं शेजारच्या टेबलावरची सहकारी बघते. बऱ्याच पत्रांत बटाटा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

वाड्यात पणजोबांचं तैलचित्र आहे. पगडी, उपरणं, मागे पडदा. आता सगळंच तपकिरी झालंय, पगडी लाल होती की जांभळी हेही कळत नाही. थोरले काका म्हणतात, बटाटा अर्धा कापून घासला की चित्र लख्ख होतं. फ्रेमवाला म्हणतो, जवसाचं तेल चोळा. कुणाचं ऐकू? (सातारा)

कुणाचंच नाही. काकांना माझा नमस्कार सांगा आणि बटाटा भाजीत घाला.

बटाट्याने वरची थोडी धूळ निघते हे खरं आहे, म्हणूनच हा उपाय पिढ्यानपिढ्या टिकून आहे. पण धुळीच्या बदल्यात पाणी आणि पिष्ट रंगाच्या तड्यांत शिरतं. कॅनव्हासवर रंगाच्या आधी सरसाचा हात दिलेला असतो. पाणी तिथवर पोहोचलं की सरस फुगतो आणि वरचा रंग पोपड्यांनी सुटायला लागतो. पिष्ट तड्यांतच राहतं; पावसाळा आला की त्यावर बुरशी, बुरशीमागून कसर. कांदा, पाव, लिंबू यांची गत फारशी वेगळी नाही.

जवसाचं तेल त्याहून वाईट, कारण ते पहिल्या दिवशी फार छान दिसतं. चित्र एकदम खुलतं, घरचे फ्रेमवाल्याला चहा पाजतात. पण हे तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पुढे तपकिरी पडतं आणि धूळ धरून ठेवतं. मुळात चित्रकाराने रंग घोटला तोही याच जातीच्या तेलात. म्हणजे उद्या ते काढायला घेतलं, तर ज्या द्रावकाने ते निघेल त्यानेच पणजोबांचा गालही निघू शकतो. माझ्याकडे येणाऱ्या घरगुती चित्रांत सगळ्यात अवघड असतात ती ही तेल प्यालेली.

आता तुमचं तपकिरी काय आहे ते सांगते. बहुधा ते व्हार्निश आहे. त्या काळी रंग वाळल्यावर वरून डामर किंवा मॅस्टिकसारख्या राळेचा हात देत. रंग खुलतो, संरक्षणही होतं. पण काही दशकांत ही राळ पिवळी होत होत काकवीच्या रंगावर जाते. खालचा आकाशाचा निळा हिरवा दिसू लागतो, पांढरं उपरणं पिवळं. त्यावर समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर.

असं चित्र आलं की मी आधी खोलीत अंधार करते आणि अतिनील दिवा लावते. जुनी राळ त्यात हिरवट चमकते. मध्येच काळे डाग दिसले, तर तिथे नंतर कुणीतरी रंग भरलाय असं समजायचं. मग कडेला, फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या भागात, नखाएवढ्या जागेवर चाचणी. काडीला कापूस गुंडाळायचा, सौम्य द्रावकापासून सुरुवात करायची, एक-दोन वेळा फिरवायचा आणि बोळा बघायचा. बोळा पिवळा आला तर राळ. लाल किंवा निळा आला तर हात मागे. व्हार्निशच्या आधी नुसती काजळी काढायची असेल तर कित्येकदा आपली थुंकीच उत्तम चालते. तिच्यात अमायलेज हे एन्झाइम असतं आणि ती रंगाला जपते. हे ऐकून शाळेच्या सहलीतली मुलं फार खूश होतात. घरी मात्र करू नका. कुठला रंग ओलाव्याने हलणारा आहे हे आधी कळावं लागतं.

तुम्ही एवढंच करा. दिवसाउजेडी पुढून आणि मागून फोटो काढून ठेवा. टॉर्च बाजूने, भिंतीला समांतर धरून बघा. रंग कुठे उचललेला दिसला तर चित्र आडवं, रंगाची बाजू वर करून ठेवा आणि फडकंसुद्धा लावू नका. रंग घट्ट असेल तर कोरड्या, मऊ, रुंद ब्रशने हलकेच धूळ झटका. पुढचं काम जाणकाराचं.

बडोद्यात आजीच्या देवघरात रविवर्म्याची लक्ष्मी आहे. साडीला खरी जर आणि टिकल्या लावल्यात. एक जण विकत मागतोय. ही ‘ओरिजिनल’ आहे का? (बडोदा)

बडोद्यातून हा प्रश्न आला याचं नवल नाही. सयाजीराव महाराजांनी रविवर्म्याकडून करवून घेतलेली तैलचित्रं तुमच्याच गावात, महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहेत. ती एकदा जवळून बघून या, डोळा तयार होतो.

आजीची लक्ष्मी जवळजवळ नक्कीच छापील आहे. रविवर्म्याने 1894 मध्ये घाटकोपरला शिळाप्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला आणि 1901 मध्ये फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. तिथली देवादिकांची चित्रं घराघरांत गेली आणि बायकांनी हौसेने त्यांना जर, मणी, टिकल्या शिवल्या. साधं भिंग घ्या आणि लक्ष्मीच्या गालावर धरा. ब्रशचा फटकारा नसेल आणि बारीक बारीक ठिपके दिसले, तर तो दगडावरून घेतलेला छाप.

छापील म्हणजे कवडीमोल नव्हे. जरीकाम केलेल्या जुन्या प्रती आता संग्राहक शोधत असतात. पण हे चित्र कागदावर आहे आणि वरून व्हार्निश दिलेलं आहे, त्यामुळे ओलं फडकं अजिबात नको. विकायचं की नाही हे आजीला विचारा. चुकून हाताने रंगवलेलं मूळ चित्र निघालं, तर ते देशाबाहेर नेता येत नाही. 1972 च्या पुराणवस्तू आणि कलानिधी कायद्याखाली 1979 मध्ये रविवर्म्याच्या कामाला राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा मिळालेला आहे.

एकेक चित्र वर्ष वर्ष ‘कामात आहे’ असं संग्रहालयात सांगतात. आमच्या नाक्यावरचा फ्रेमवाला दोन हजारांत आठ दिवसांत नवं करून देतो. तुम्ही नक्की दिवसभर करता काय? (ठाणे, निवृत्त बँक अधिकारी)

साहेब, ‘नवं करून देतो’ हीच तर तक्रार आहे.

दिवसाची सुरुवात चित्राने नाही, दमटपणाच्या आकड्याने होते. कालच्या रात्रीत दालनातला आकडा किती वर-खाली झाला, ते आधी बघायचं. मग टेबल. समजा, सुटलेल्या खपल्या बसवायच्या आहेत. मायक्रोस्कोपखाली एकेका खपलीच्या कडेने, बारीक ब्रशच्या टोकावर मावेल एवढा पातळ माशाचा सरस आत सोडायचा, वर जपानी कागदाचा तुकडा, मग कोमट केलेल्या पात्याने हलका दाब. खपली वळलेली असेल तर ती आधी मऊ पडेपर्यंत थांबायचं. घाई केली की ती मोडते, आणि मोडलेली खपली म्हणजे चित्रकाराचा तेवढा हात कायमचा गेला. तळहाताएवढा भाग दिवसभरात झाला तर दिवस चांगला.

वेळ खाणारी दुसरी गोष्ट म्हणजे आधीच्या दुरुस्त्या. मागच्या पिढीत चित्राच्या पाठीला मेण आणि राळ वितळवून दुसरा कॅनव्हास इस्त्रीने चिकटवायची पद्धत होती. हॉलंडमध्ये सुरू झालेली ही पद्धत दमट हवेवरचा उतारा म्हणून आपल्याकडेही सर्रास वापरली गेली. मेण कापडातून पुढे झिरपलं, रंग गडद झाले, उठावदार फटकारे इस्त्रीखाली चपटे झाले. 1974 मध्ये इंग्लंडमधल्या ग्रीनिचला याच विषयावर परिषद भरली आणि जगभरच्या संवर्धकांनी एकमेकांना विचारलं, की हे सगळं करायची गरज तरी आहे का? तेव्हापासून कमीत कमी हात लावायचा विचार रुजला. पण भरलेलं मेण परत पूर्ण निघत नाही, ते माझ्या टेबलावर येतंच.

आणि रंग भरण्याबद्दल. रंग गेलेल्या जागी मी खडू आणि सरसाची भर घालते, ती आजूबाजूच्या पातळीला आणते, मधे व्हार्निशचा एक थर देते आणि मगच रंग लावते. तोही तैलरंग नाही. उद्या कुणाला माझं काम पटलं नाही, तर मूळ चित्राला धक्का न लावता पुसता येईल असा. भर फक्त खड्ड्यात, मूळ रंगावर एक ठिपकाही नाही. रोमच्या संवर्धन संस्थेत चेझारे ब्रांदी यांनी याहून कडक शिस्त घातली: भरलेला भाग बारीक उभ्या रेघांनी रंगवायचा, लांबून चित्र अखंड दिसावं आणि जवळून भर ओळखू यावी. प्रत्येक चित्राला मी ती लावत नाही, पण तत्त्व मान्य आहे. व्यक्तिचित्रातला एक डोळा गेला असेल आणि तो कसा होता याचा जुना फोटो नसेल, तर मी डोळा काढत नाही. तिथे शांत, सपाट रंग देते. नाक्यावरचा फ्रेमवाला डोळा काढतो. सुंदर काढतो. फक्त तो त्या माणसाचा नसतो.

उरलेला वेळ अहवाल लिहिण्यात जातो. कुठे काय लावलं, कशात विरघळेल, सगळं. माझ्यानंतर येणाऱ्याने मला शिव्या घालू नयेत म्हणून.

काकू, तुम्हाला चित्रात गुपचूप स्वतःचं काहीतरी काढावंसं वाटत नाही का? एखादं मांजर? (डोंबिवली, इयत्ता सहावी)

रोज वाटतं. क्ष-किरण आणि अतिनील दिव्यात मांजर लगेच सापडतं, म्हणून काढत नाही. पण चित्रकारांनीच लपवलेल्या गोष्टी मात्र आम्हाला सापडतात. शिशाचा पांढरा रंग क्ष-किरण अडवतो, त्यामुळे वरच्या चित्राखाली दडलेला दुसरा चेहरा किंवा आधी वेगळ्या जागी काढलेला हात एकदम समोर येतो. मुंबईत आलीस किंवा आलास की माझ्याकडे ये, असा फोटो दाखवते.

अजिंठ्याची चित्रं इतकी झिजलीत. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेच्या मुलांकडून पुन्हा रंगवून का घेत नाहीत? (छत्रपती संभाजीनगर)

जे.जे.ची मुलं अजिंठ्याला जाऊन आलीत, तीही दीडशे वर्षांपूर्वी. प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून पुढची तेरा वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन तिथे नकला करवल्या. चित्रकार पेस्तनजी बोमनजी त्यातलेच. त्याआधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने 1844 पासून वर्षानुवर्षं तिथे बसून नकला केल्या होत्या. गिलच्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, ग्रिफिथ्सच्या बऱ्याच 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत. जतन करायला विलायतेला नेलेलं जळालं आणि वाघूर नदीच्या घळीतलं मूळ अजून भिंतीवर आहे.

पण मूळालाही मदतीचा त्रास झालाच. नकला करताना चित्रं उठून दिसावीत म्हणून त्यांच्यावर व्हार्निश लावलं गेलं. पुढे निजाम सरकारने 1920 ते 22 या काळात इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना बोलावलं. त्यांनी सुटलेला गिलावा सांभाळला, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण वरून लाखेचा थर दिला. लाख पिवळी पडली, काळवंडली, तिच्यात धूर-धूळ अडकली. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे तो थर इंच इंच काढत बसावं लागलं. त्या वेळी उपलब्ध ज्ञानाप्रमाणे चेक्कोनी चांगलाच माणूस होता, म्हणून तर मला हा किस्सा झोंबतो.

आणि ही चित्रं ओल्या चुन्यावरची नव्हेत. माती, तूस, गवत यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. पाणी लागलं की उठणारी जात. त्यावर पुन्हा रंगवलं तर आपल्याला सहाव्या शतकाच्या आतबाहेरचं चित्र दिसणार नाही, परवाच्या विद्यार्थ्याचं दिसेल. त्यापेक्षा झिजलेलं मला हजारदा चालेल. गुहेत गर्दी कमी करणं, उजेड मंद ठेवणं, शेकडो लोकांच्या श्वासाची वाफ बाहेर काढणं, ही खरी निगा.

मॅडम, मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. करतेय, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ‘ए’ श्रेणी होती. या क्षेत्रात कशी येऊ? (पुणे)

तुझी जोडी उत्तम आहे. जे.जे.तून येणाऱ्यांना रसायन नव्याने शिकावं लागतं, बी.एस्सी.वाल्यांना हात. दोन्ही थोडं थोडं असलेली माणसं मला हवी असतात.

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेत संवर्धनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळायचं. तीच आता भारतीय वारसा संस्थान म्हणून नोएडात आहे. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण संशोधन प्रयोगशाळा 1976 मध्ये सुरू झाली, तिथे प्रशिक्षणं होतात. वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेची संवर्धन केंद्रं वेगवेगळ्या शहरांत आहेत, तिथे उमेदवारी करून बघ. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र 2008 पासून चालू आहे.

जागा कमी आहेत, हे आत्ताच ऐकून ठेव. बरेच जण प्रकल्पांवर काम करतात. एक संपलं की दुसरं शोधायचं. मान आणि कंबर लवकर बोलायला लागतात, द्रावकांचे वास असतात. मास्क आणि वाफ ओढणारा पंखा नसलेल्या जागी कुणी ‘जरा वेळच आहे’ म्हणालं तर बसू नकोस. स्वतःची चित्रं काढायची जबर ओढ असेल तर नीट विचार कर, इथे दुसऱ्याच्या हाताखाली राहायचं असतं. तो दुसरा बहुधा शंभर वर्षांपूर्वी गेलेला असतो आणि आभार मानत नाही. रंगांधळेपणाची चाचणी मात्र आजच करून घे.

सध्या घरी एक गोष्ट कर. पांढऱ्या कागदावर दोन बोटं रुंदीचा एक करडा पट्टा रंगव आणि शेजारी तसाच दुसरा जुळव, दुपारच्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे एकच दिसेल असा. कंटाळा आला तर लवकर कळलेलं बरं.

22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या घरात पाणी छातीपर्यंत होतं. वडिलांनी काढलेली तैलचित्रं आम्ही उन्हात वाळवली, ती वाकडी झाली, रंग उडाला. पुन्हा असं झालं तर काय करावं? (चिपळूण)

वडिलांच्या चित्रांचं वाईट वाटलं. तुमच्या जागी कुणीही उन्हातच ठेवली असती. त्या आठवड्यात अख्ख्या चिपळूणने गाद्या, वह्या, फोटो उन्हात टाकले होते.

पुन्हा वेळ आली तर हे लक्षात ठेवा. ऊन नाही, हेअर ड्रायर नाही, पंखा थेट चित्रावर नाही. बाहेरची शोभेची चौकट काढता आली तर काढा, पण कॅनव्हास आतल्या लाकडी सांगाड्यावरून सोडवू नका. सोडवला की तो आखडतो आणि रंग तुटून पडतो. चित्र आडवं, रंग वर, खाली टीपकागद किंवा स्वच्छ सुती चादर. ती ओली झाली की बदला. चिखल पुसू नका. ओला रंग मऊ असतो, चिखलाबरोबर निघून येतो. खोलीत हवा खेळती ठेवा, पंखा भिंतीकडे तोंड करून. बुरशी दोन-तीन दिवसांत धरते, तेवढ्यात जाणकाराला फोन जायला हवा. गळून पडलेल्या खपल्या केराबरोबर टाकू नका, डबीत ठेवा, डबीवर चित्राचं नाव लिहा.

वाकडी झालेली चित्रं अजून घरात असतील तर फेकू नका. वाकणं बरंच सरळ होतं. सांगाड्याच्या कोपऱ्यातल्या पाचरी ठोकून स्वतः ताणायला मात्र जाऊ नका.

नव्या फ्लॅटमध्ये आजोबांनी घेतलेलं निसर्गचित्र लावायचंय. कुठे लावू? (गिरगाव)

पश्चिमेची बाहेरची भिंत सोडून कुठेही. पावसाळ्यात ती भिंत पाणी पिते, आणि हवेतला दमटपणा 80 टक्क्यांवर गेला की सरस मऊ पडतो, धागे फुगून कॅनव्हास आखडतो. एसीच्या झोताखाली नको. रात्रभर एसी आणि दिवसभर बंद, हा झोका चित्राला सतत दमट राहण्यापेक्षाही जाचतो. देवघराच्या वर नको, काजळी आणि कापूर. खिडकीसमोर नको, संग्रहालयात आम्ही तैलचित्रावर साधारण 200 लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवतो, जलरंगावर 50, आणि गिरगावातली दुपारची खिडकी याच्या कितीतरी पट देते.

चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा राहील. खिळा एक नको, दोन. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चित्र उतरवून पाठ बघा. पाठीला जुना पिवळा पुठ्ठा असेल तर आम्लरहित पुठ्ठा लावून घ्या. आणि पाठीवर विन्सर अँड न्यूटन, रीव्हज अशा विलायती रंगकंपनीचा शिक्का किंवा दुकानाची चिठ्ठी दिसली तर ती खरवडू नका, फोटो काढून मला पाठवा.